एकाचा गुन्हा, चळवळीची जबाबदारी

चळवळीतल्या एखाद्या माणसाने हिंसा केली तर तिचा दोष चळवळीवर येतो का, हा प्रश्न वरवर एकच वाटतो. तो न्यायालयात गेला की त्याचे तुकडे पडतात. त्या माणसाच्या गुन्ह्याबद्दल इतरांना तुरुंगात टाकता येईल का, हा फौजदारी प्रश्न. फुटलेल्या काचांचे आणि जळालेल्या बसगाड्यांचे पैसे संघटनेकडून वसूल करता येतील का, हा दिवाणी. आणि कायद्याने कोणाला हात लावला नाही, तरी पुढाऱ्यांनी लोकांसमोर काय उत्तर द्यावे, हा राजकीय. बहुतेक वादांत एक बाजू पहिल्या प्रश्नाचे उत्तर देत असते आणि दुसरी तिसऱ्याचे, म्हणून वाद संपत नाही.

फौजदारी कायद्याचे मूळ तत्त्व ज्याने केले त्याने भरावे असेच आहे. त्याला अपवाद मोजके: कट, चिथावणी आणि बेकायदेशीर जमाव. यांतला शेवटचा अपवाद भारतात बराच वापरात आहे. पाच किंवा अधिक माणसे बेकायदेशीर उद्देशाने एकत्र आली आणि तो समान उद्देश साधताना त्यांपैकी एकाने गुन्हा केला, तर त्या वेळी जमावात असलेला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा दोषी ठरतो. भारतीय दंड संहितेचे कलम १४९ हेच सांगत असे; २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १९० झाले आहे. मात्र हा नियम त्या ठिकाणच्या, त्या वेळच्या जमावाला लागू होतो. त्याच झेंड्याखाली दुसऱ्या गावी सभा घेणाऱ्याला तो लागू होत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर सरकारला कट किंवा चिथावणी सिद्ध करावी लागते, आणि खरी ओढाताण तिथेच होते.

शिकागोतला हेमार्केट खटला हे या ओढाताणीचे टोकाचे उदाहरण. ४ मे १८८६ च्या रात्री आठ तासांच्या कामाच्या मागणीसाठी चाललेल्या आंदोलनातली एक सभा संपत आली असताना पोलीस ती पांगवायला आले आणि त्यांच्यावर बॉम्ब पडला. स्फोट आणि त्यानंतरचा गोळीबार मिळून सात पोलीस आणि काही नागरिक मेले. बॉम्ब कोणी टाकला हे तेव्हा कळले नाही आणि आजतागायत ठरलेले नाही. तरी आठ अराज्यवादी कार्यकर्त्यांवर खटला चालला. टाकणाऱ्याची ओळख पटली नाही तरी चालेल, आरोपींनी भाषणांतून आणि लेखांतून अशा कृत्याचा उपदेश केला असेल तर त्यांना दोषी धरता येईल, अशा आशयाची सूचना न्यायाधीश जोसेफ गॅरी यांनी ज्यूरीला दिली. सात जणांना फाशीची शिक्षा झाली. त्यांपैकी दोघांची शिक्षा नंतर कमी झाली, एकाने कोठडीत जीव दिला आणि चौघे ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फासावर गेले. १८९३ मध्ये राज्यपाल जॉन ऑल्टगेल्ड यांनी उरलेल्या तिघांना माफी दिली आणि खटलाच अन्यायाचा होता असे लेखी नोंदवले. बॉम्ब टाकणारा अमुक माणूस होता आणि त्याने यांचे शब्द ऐकले किंवा वाचले होते, ही कडीच खटल्यात नव्हती. ती नसताना फाशी दिली गेली, हा त्यांचा एक मुख्य आक्षेप होता.

पुण्याचे १८९७ साल याच प्रश्नाचे मराठी रूप आहे. प्लेगच्या बंदोबस्तात घरात शिरून झडत्या घेणारे सोल्जर आणि प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड यांच्याविरुद्ध शहरात संताप होता. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवजयंती उत्सवाचा वृत्तान्त आला. अफझलखानाच्या वधाचे समर्थन करणारी चर्चा त्यात होती. बरोबर आठवड्याने, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारने ‘केसरी’चे संपादक टिळक यांना जुलैच्या अखेरीस अटक केली, पण खुनाचा किंवा कटाचा आरोप ठेवला नाही. आरोप होता राजद्रोहाचा. सहा युरोपीय आणि तीन हिंदी सदस्यांच्या ज्यूरीने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांना दोषी ठरवले आणि न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी दीड वर्षाची सक्तमजुरी सुनावली. ही शिक्षा झाली १४ सप्टेंबरला. रँडवर गोळी झाडणारे दामोदर चाफेकर पोलिसांच्या हाती लागले त्यानंतर, ऑक्टोबरात. म्हणजे मारेकरी कोण, तो ‘केसरी’ वाचत होता की नव्हता, टिळकांना मानत होता की नव्हता, यातले काहीही माहीत नसताना टिळक तुरुंगात पोहोचले होते. कायद्याच्या दृष्टीने यात विसंगती नाही, कारण राजद्रोहाला खुनाची गरजच नव्हती. सरकारला जे जोडता येत नव्हते ते न जोडताच काम भागले. पुढच्याच वर्षी राजद्रोहाच्या कलमाची व्याप्ती वाढवण्यात आली. हिंसेशी संबंध दाखवता आला नाही की शब्दांनाच गुन्हा ठरवायचे, ही वाट तेव्हापासून अनेक सरकारांच्या पायाखालची झाली आहे.

उलट टोकाला उभा आहे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा एक निकाल. त्याचा तपशील पाहण्यासारखा आहे. मिसिसिपी राज्यातल्या पोर्ट गिब्सन या छोट्या गावात १९६६ च्या एप्रिलमध्ये कृष्णवर्णीयांनी गोऱ्या दुकानदारांवर बहिष्कार घातला. मागण्या होत्या त्या दुकानांत नोकऱ्या, पोलिसांत कृष्णवर्णीयांची भरती, आणि आणखी एक: पोलिसांनी आणि दुकानातल्यांनी प्रौढ माणसांना ‘पोरा’, ‘पोरी’ न म्हणता मिस्टर आणि मिसेस लावून हाक मारावी. बहिष्कार मोडणाऱ्यांवर नजर ठेवायला काळ्या टोप्या घातलेली माणसे दुकानांबाहेर उभी राहत. ती नावे टिपून घेत, मग चर्चमध्ये ती वाचली जात आणि एका पत्रकात छापूनही येत. एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचे राज्यातले प्रमुख चार्ल्स एव्हर्स यांनी एका भाषणात, दुकानात जाताना सापडलात तर मान मोडू, अशा अर्थाची धमकी दिली. काही घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या, एका गाडीच्या काचेवर वीट बसली, एकाची फुलबाग उद्ध्वस्त झाली. दुकानदारांनी खटला भरला आणि खालच्या न्यायालयाने बहिष्काराच्या सगळ्या वर्षांचा बुडालेला नफा म्हणून सुमारे साडेबारा लाख डॉलर संघटनेवर आणि कार्यकर्त्यांवर लादले.

वॉशिंग्टनच्या न्यायालयाने हा निकाल फिरवला. ज्याने हिंसा केली त्याने त्या हिंसेपुरते भरावे. पण बहिष्कार शांततेचा होता, त्यातून झालेले नुकसान हिंसेच्या खात्यावर मांडता येत नाही, असे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिले. निव्वळ गटात असणे पुरेसे नाही. त्या गटाचे ध्येयच बेकायदेशीर होते आणि त्या व्यक्तीला ते ध्येय पुढे नेण्याचा विशिष्ट हेतू होता, हे दोन्ही दाखवावे लागेल. एव्हर्स यांचे भाषण तापट होते हे न्यायालयाने मान्य केले. पण १९६६ मधले हिंसेचे प्रसंग त्या वर्षीच्या भाषणाच्या कित्येक आठवडे किंवा महिने नंतरचे होते, आणि मान मोडण्याच्या धमकीच्या १९६९ मधल्या भाषणानंतर हिंसा झाल्याची खालच्या न्यायालयात नोंदच नव्हती. भाषणानंतर लगेच काही घडले असते तर प्रश्न वेगळा ठरला असता, असेही त्यांनी सांगून ठेवले. संघटनेबाबत निकष आणखी स्पष्ट होता: तिने ते कृत्य आधी मंजूर केले होते का, किंवा नंतर त्यावर शिक्कामोर्तब केले का? हे ‘नंतर’ महत्त्वाचे आहे. घटना घडून गेल्यावर पुढाऱ्यांच्या तोंडून निघालेला शब्द निव्वळ शिष्टाचाराचा राहत नाही, तो पुरावा होतो.

या निकालातही एक अडचण आहे. जिच्या फुलबागेची नासधूस होते त्या व्यक्तीला ती कोणत्या विशिष्ट हेतूने झाली याचे सोयरसुतक नसते. दहशत बसायची ती बसतेच. पोर्ट गिब्सनमध्ये ज्यांना त्रास झाला त्यांनी गोऱ्यांच्या दुकानांत जाणे थांबवले नाही, असे नोंदीत आहे, आणि न्यायालयाला हा मुद्दा सोयीचा पडला. सगळ्याच गावांत लोक इतके धीट निघतील असे नाही.

निव्वळ सदस्यत्वाबद्दल शिक्षा द्यावी का, हा प्रश्न न्युरेंबर्गमध्येही आला होता. तिथल्या न्यायाधिकरणाने १९४६ मध्ये एसएस, गेस्टापो आणि त्यांच्या गुप्तवार्ता शाखेसह काही संस्था गुन्हेगार ठरवल्या, पण सक्तीने भरती झालेले आणि गुन्ह्यांची माहिती नसलेले सदस्य वगळले. नाझी पक्षाचीच तपकिरी गणवेशाची एसए ही संघटना मात्र त्या यादीत गेली नाही. भारतात हा काटा दोन्हीकडे झुकून आला आहे. अरूप भुयान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले की बंदी घातलेल्या संघटनेचे निव्वळ सदस्य असणे गुन्हा नाही. प्रत्यक्ष हिंसा किंवा हिंसेची चिथावणी हवी. त्यासाठी अमेरिकी निकालांचा आधार घेतला होता. मार्च २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते मत रद्द केले. संघटना बेकायदेशीर घोषित झाल्यावरही जो सदस्य राहतो तो यूएपीए या बेकायदेशीर कारवायांविरुद्धच्या कायद्याखाली दोषी ठरू शकतो, त्याने दगड उचललाच पाहिजे असे नाही. इथे सगळा भार बंदी घालण्याच्या निर्णयावर येऊन पडतो, आणि तो निर्णय सरकार घेते. न्यायाधिकरण तो तपासते, पण चळवळ सरकारविरोधी असेल तर वादीच पहिला पंच होतो, ही गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाही.

पैशाच्या बाबतीत भारतीय न्यायालये चळवळींशी बरीच कडक वागली आहेत. केरळ उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सक्तीचा ‘बंद’ घटनाबाह्य ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्यानंतर मुंबई. घाटकोपरच्या बसमधल्या बॉम्बस्फोटाचा निषेध म्हणून ३० जुलै २००३ रोजी शिवसेना आणि भाजप यांनी शहरात बंद पुकारला. माजी कॅबिनेट सचिव बी. जी. देशमुख आणि इतर काही नागरिक उच्च न्यायालयात गेले, आणि २००४ मध्ये न्यायालयाने दोन्ही पक्षांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला सांगितले. कोणत्या शाखेतल्या कोणी कोणते शटर ओढले हे शोधत बसण्याची न्यायालयाला गरज वाटली नाही. बंद पुकारला की तो धाकानेच पाळला जातो, हे मुंबईत दुकान चालवणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे, आणि पुकारणाऱ्याला तर सर्वांत जास्त.

२००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती के. टी. थॉमस आणि फली नरिमन यांच्या समित्यांच्या शिफारशी स्वीकारून ही गोष्ट नियमात बसवली. मोडतोड करणारे आणि आंदोलन पुकारणारे संयोजक, दोघांनी नुकसान वाटून सोसायचे. जरब बसावी म्हणून मूळ भरपाईच्या दुपटीपर्यंत जादा दंडही बसू शकतो. पोर्ट गिब्सनपेक्षा हा मार्ग अगदी वेगळा आहे. अमेरिकेत संघटनेचा हेतू फिर्यादीला सिद्ध करावा लागतो, तर इथे संयोजकाच्या भूमिकेवरच भार ठेवला आहे. यात पीडित दुकानदाराला न्याय मिळण्याची शक्यता जास्त. त्याचबरोबर, मोर्चात चार भाडोत्री माणसे घुसवून तो मोर्चा काढणाऱ्या संघटनेचे दिवाळे काढण्याची सोयही जास्त.

कायद्याने विचारले नाही तरी पुढाऱ्याने उत्तर द्यावे का, याची सर्वांत गाजलेली कसोटी चौरीचौराची. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी गोरखपूर जिल्ह्यातल्या या ठाण्यासमोर स्वयंसेवकांचा जमाव आला. ही कुठून तरी गोळा झालेली झुंड नव्हती. आदल्याच महिन्यात शेजारच्या डुमरी गावात स्वयंसेवकांचे मंडळ स्थापन झाले होते, त्यांनी प्रतिज्ञापत्रके भरली होती. काही दिवसांपूर्वी मुंडेरा बाजारात निरोधन करताना भगवान अहिर या माजी सैनिकाला दारोगाने मारले होते. त्याचा जाब विचारायला ते निघाले होते. बाचाबाची झाली, पोलिसांनी गोळीबार केला, जमावातले तिघे मेले. पोलिसांच्या गोळ्या संपल्या तेव्हा जमावाने ठाण्याला आग लावली, आणि बावीस-तेवीस पोलीस जळून किंवा मार खाऊन मेले. घोषणा गांधीजींच्या जयजयकाराच्या होत्या.

काँग्रेसने हिंसेचा आदेश दिला नव्हता, उलट अहिंसेची शपथ घ्यायला लावली होती. गटाचे ध्येय आणि आधीची मंजुरी या निकषांवर ती सहज सुटली असती. गांधीजींनी ती पळवाट घेतली नाही. १२ फेब्रुवारीला बार्डोलीत कार्यकारिणीने सामूहिक कायदेभंग थांबवला. गांधीजींनी पाच दिवसांचे उपोषण केले आणि दोषींना स्वतःहून पोलिसांच्या हवाली व्हायला सांगितले. जवाहरलाल नेहरू, लजपतराय, चित्तरंजन दास तुरुंगात होते आणि चिडले होते. एका दूरच्या खेड्यातल्या जमावामुळे देशभरची चळवळ का थांबवायची, हा त्यांचा सवाल चुकीचा नव्हता. या न्यायाने चळवळीच्या विरोधकाला एक ठाणे पेटवून देणे पुरे. १८ मार्चला अहमदाबादेत गांधीजी न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यासमोर उभे असताना सरकारी वकिलाने मुंबई, मद्रास आणि चौरीचौरा येथल्या हिंसेचा दोष त्यांच्यावर ठेवला तेव्हा त्यांनी तो मान्य केला: आपण आगीशी खेळत होतो हे आपल्याला माहीत होते, असा त्यांचा सूर होता. शिक्षा मात्र त्याबद्दल झाली नाही. ती ‘यंग इंडिया’तल्या लेखांबद्दल, पुन्हा राजद्रोहाच्याच कलमाखाली, सहा वर्षांची झाली, आणि ती ठरवताना ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या १९०८ च्या खटल्याचा दाखला दिला.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. नैतिक जबाबदारी पुढाऱ्याने घेतली, पण फौजदारी जबाबदारी डुमरीच्या शेतकऱ्यांनी भोगली. २२५ जणांवर खटला चालला; सत्र न्यायाधीश होम्स यांनी जानेवारी १९२३ मध्ये १७२ जणांना फाशी सुनावली. मदनमोहन मालवीय यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात बाजू मांडली, तेव्हा हा आकडा १९ वर आला. ज्या प्रतिज्ञापत्रकांनी ते अहिंसेला बांधले गेले होते, तीच त्यांच्या सहभागाचा पुरावा म्हणून वापरली गेली. स्वतंत्र भारतात तिथे शहीद स्मारक उभे राहिले आणि ‘चौरीचौरा एक्सप्रेस’ धावू लागली. चळवळीने एकदा दूर सारलेली माणसे राष्ट्राने नंतर आपली म्हटली. जबाबदारी झटकणे आणि श्रेय उचलणे यांत इतके अंतर पडू शकते.

याच्या नेमके उलट उदाहरण लंडनचे. १९१३ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्या बांधल्या जात असलेल्या घरात मताधिकारवादी स्त्रियांनी स्फोट घडवला. एमेलिन पँकहर्स्ट यांनी स्वतः बॉम्ब ठेवला नव्हता, पण आपल्या संघटनेच्या अशा कृत्यांची जबाबदारी त्यांनी जाहीरपणे घेतली आणि एप्रिलमध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. हिंसा हे धोरण असेल तर ‘एकट्यादुकट्याचे कृत्य’ ही भाषा लागू होत नाही, एवढा प्रामाणिकपणा तिथे होता.

शिस्त शक्य असते, हेही दाखवता येते. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावरून परतलेल्या अस्पृश्य प्रतिनिधींवर सवर्ण जमावाने मंडपात घुसून हल्ला केला. डाकबंगल्याजवळ जमलेल्या कार्यकर्त्यांत लष्करात राहून आलेले बरेच होते, आणि प्रत्युत्तर द्यायची त्यांची तयारी होती. डॉ. आंबेडकरांनी त्यांना रोखले आणि हल्लेखोरांविरुद्ध कायद्याची वाट धरली. मात्र पुढारी शंभर पावलांवर असला तर हे जमते. गोरखपूरच्या खेड्यात गांधीजी नव्हते.

बाहेरच्या माणसाची नजर या सगळ्यात सरळ नसते. १९७४ मध्ये टेलर आणि जग्गी यांनी दक्षिण भारतातल्या हिंदू कारकुनांवर एक अभ्यास केला. हिंदू पात्राचे चांगले वागणे त्याच्या स्वभावामुळे आणि वाईट वागणे परिस्थितीमुळे, असे त्यांना वाटले. मुस्लिम पात्राबद्दल तेच गणित उलटे झाले. चळवळींच्या बाबतीत हेच घडते. आपल्यातला दगडफेक्या भरकटलेला, समोरचा मात्र ‘त्यांची खरी वृत्ती दाखवणारा’.

ही वृत्ती मोकाट सुटली की काय होते, ते महाराष्ट्राने १९४८ मध्ये पाहिले. गांधीजींचा मारेकरी नथुराम गोडसे पुण्याचा होता. ४ फेब्रुवारीला राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर बंदी आली. लेखी घटना दिल्यानंतर जुलै १९४९ मध्ये ती उठली. खटल्यात माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्या जबानीला स्वतंत्र दुजोरा नसल्याने सावरकर निर्दोष सुटले, आणि कटाची माहिती कोणाकोणाला होती याचा तपास पुढे कपूर आयोगाने केला. ही सगळी जबाबदारी निश्चित करण्याची यंत्रणा होती. तिच्या निष्कर्षांबद्दल आजही मतभेद आहेत. पण हत्येनंतर लगेचच सातारा, सांगली, कोल्हापूरच्या बाजूला जमावांनी यंत्रणेची वाट पाहिली नाही. गोडसेच्या जातीची म्हणून घरे जाळली गेली. त्या घरांतले बहुतेक लोक कोणत्याही संघटनेत नव्हते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ कादंबरीत तो काळ आला आहे. दोष संघटनेवरून जातीवर सरकला, आणि जातीचा राजीनामा देता येत नाही.

आताचा पेच वेगळाच आहे. २००९ च्या नियमांत संयोजकाने पोलिसांशी मार्ग ठरवावा, लाठ्या-चाकू आणू देऊ नयेत, महत्त्वाच्या चौकांत आपले स्वयंसेवक उभे करावेत आणि मोर्चा शांततेत काढण्याची हमी द्यावी, असे आहे. त्यासाठी संयोजक नावाचा कोणी असावा लागतो. मोबाइलवरच्या संदेशाने रस्त्यावर उतरलेल्या गर्दीत तो नसतो, किंवा कोणी तसे कबूल करत नाही. अमेरिकेतल्या लुइझियानात २०१६ साली बॅटन रूज येथल्या निदर्शनात अज्ञाताने फेकलेल्या वस्तूने एक पोलीस जखमी झाला, आणि त्याने निदर्शनाचे एक आयोजक डीरे मॅकेसन यांच्यावर दावा लावला. मॅकेसन यांनी काही फेकले नव्हते, फेकायला सांगितलेही नव्हते; रस्ता अडवणारे निदर्शन निष्काळजीपणे आयोजित केले, एवढाच आरोप. अपील न्यायालयाने हा दावा चालू शकतो असे म्हटले, आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी मात्र वेगळे टिपण जोडले: न्यायालयाच्याच २०२३ च्या एका निकालाने अभिव्यक्तीच्या प्रकरणांत निव्वळ निष्काळजीपणा पुरेसा नसतो हे स्पष्ट केले आहे, आणि खालच्या न्यायालयांनी ते लक्षात घ्यावे.